फलकावर शून्य, खेळपट्टीवर हजारे

१९५२ च्या जूनमध्ये लीड्सच्या हेडिंग्ले मैदानातल्या धावफलकावर जे आकडे लागले, ते कसोटी क्रिकेटमध्ये त्याआधी कुणी पाहिले नव्हते. भारताचा दुसरा डाव. धावा शून्य, गडी चार. पंकज रॉय, दत्ता गायकवाड, माधव मंत्री, विजय मांजरेकर, चौघेही भोपळा न फोडता परतले होते आणि त्यासाठी अवघे १४ चेंडू पुरले होते. २१ वर्षांचा फ्रेड ट्रूमन आपली पहिलीच कसोटी खेळत होता. चारांपैकी तीन बळी त्याचे, एक अ‍ॅलेक बेडसरचा. मंत्री आणि मांजरेकर लागोपाठच्या चेंडूंवर त्रिफळाचीत झाले होते. पुढचा चेंडू हॅट्ट्रिकचा. तो खेळायला मैदानात आला भारताचा कर्णधार, सदतिशीतला विजय हजारे.

हॅट्ट्रिक झाली नाही. हजारे ५६ धावा करून बाद झाले. तो सामना भारत हरला आणि आज बहुतेकांना त्या सामन्यातलं आठवतं ते शून्यावर चार. मला मात्र ते ५६ वाचावेसे वाटतात. हजाऱ्यांच्या कारकिर्दीचं सगळं सार त्यात आहे, अशी माझी समजूत आहे. ते बसल्या बैठकीत हाती लागत नाही. त्यासाठी आधीचे काही डाव सावकाश वाचावे लागतात.

हजाऱ्यांना खेळताना पाहिलेली पिढी आता जवळजवळ सरली. त्यांच्या फलंदाजीचं चित्रीकरणही नावापुरतंच. आपल्या हाती उरतात ते धावफलक. पण धावफलक हीसुद्धा एक संहिताच असते. कोण किती धावा करून गेला एवढंच पाहिलं, तर तो जमाखर्च. कोण कधी आला, तेव्हा किती गडी पडले होते, समोर कोण उभा होता, दुसऱ्या टोकाला कोण होता, हे ताडून पाहिलं की त्याच आकड्यांतून माणूस दिसू लागतो. हजारे असे वाचायलाच हवेत. त्यांच्या धावांआधी ते मैदानात आले त्या क्षणाचा फलक बघावा.

११ मार्च १९१५ रोजी सांगलीत एका मराठी ख्रिस्ती शिक्षकाच्या घरात त्यांचा जन्म झाला. स्वभाव अबोल. महाराष्ट्राकडून खेळताना त्यांनी १९३९-४० च्या मोसमात पुण्यात बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमधलं भारतीय फलंदाजाचं ते पहिलं त्रिशतक. प्रा. दि. ब. देवधरांच्या ज्या महाराष्ट्र संघानं तेव्हा रणजी करंडक जिंकला, त्याचे ते आधारस्तंभ होते. पुढे ते बडोद्याच्या आश्रयाला गेले आणि तिथलेच झाले. ऐन उमेदीची वर्षं दुसऱ्या महायुद्धात गेली. पहिली कसोटी मिळाली ती १९४६ साली, लॉर्ड्सवर. तेव्हा त्यांनी एकतिशी गाठली होती. ज्या वयात आज फलंदाजाच्या पायांबद्दल कुजबुज सुरू होते, त्या वयात हजाऱ्यांचं कसोटी क्रिकेट सुरू झालं.

त्यांचा उभा राहण्याचा ढंग पुस्तकी नव्हता. बॅट दोन्ही पॅडांच्या मधोमध धरून ते उभे राहत. कुणाही शिकवणाऱ्याला दुरुस्त करण्याचा मोह व्हावा असा तो पवित्रा. पण ऑस्ट्रेलियाचा थोर लेगस्पिनर क्लॅरी ग्रिमेट यांचं मार्गदर्शन त्यांना लाभलं आणि ग्रिमेटनं त्या पवित्र्याला हात लावला नाही. मला यात शिकवणाऱ्याचं मोठं शहाणपण दिसतं. बॅट पॅडांत असली की ती खाली येते सरळ आणि उशिरा. चेंडू अगदी डोळ्यांखाली आल्यावर तिला काय करायचं ते ठरवता येतं. हजाऱ्यांचा लेट कट, त्यांचा पायांवरून अलगद वळवलेला चेंडू आणि तो भक्कम बचाव, हे तिन्ही त्या एका उशिराच्या पोटातून येतात. घाई न करणं हा त्यांचा स्वभाव आणि तंत्रही तेच. कव्हर ड्राइव्हसाठीही ते नावाजले गेले. चेंडूला आपल्यापर्यंत येऊ देण्याची ज्याची तयारी असते, त्यालाच तो फटका शोभतो.

आता पहिला डाव. डिसेंबर १९४३, मुंबईचं ब्रेबर्न स्टेडियम. पंचरंगी स्पर्धेचा अंतिम सामना, हिंदू विरुद्ध 'रेस्ट', म्हणजे इतर. संघ धर्मांवर पाडलेले होते. त्या विभागणीमुळे मराठी ख्रिस्ती हजारे रेस्टकडून खेळत. या स्पर्धेत विजय मर्चंट आणि विजय हजारे यांच्यात सर्वोच्च धावसंख्येची जणू शर्यत लागली होती. हजाऱ्यांनी मुसलमान संघाविरुद्ध २४८ केल्या. मर्चंटनी अंतिम सामन्यात नाबाद २५० करून त्यांना मागे टाकलं. हिंदूंचा डाव ५ बाद ५८१ वर घोषित झाला. रेस्ट १३३ मध्ये संपले आणि त्यांच्यावर फॉलोऑनची वेळ आली. दुसऱ्या डावात पुन्हा पडझड. ५ बाद ६० असा फलक असताना हजाऱ्यांच्या जोडीला आला त्यांचा धाकटा भाऊ विवेक.

त्या डावाची शेवटची बेरीज ३८७. त्यातल्या ३०९ एकट्या विजय हजाऱ्यांच्या. दोघा भावांची भागी ३०० धावांची आणि त्यात विवेकचा वाटा २१. एवढी एकतर्फी मोठी भागी क्रिकेटच्या इतिहासात शोधून सापडणं कठीण. सामना रेस्टनं एक डाव आणि ६१ धावांनी गमावला.

या धावफलकात सगळ्यांची नजर ३०९ वर जाते. माझी नजर थांबते २१ वर. त्या २१ धावा म्हणजे तासन्‌तास दुसऱ्या टोकाला उभं राहणं. थोरला भाऊ रचतो आहे, आपण फक्त टोक सांभाळायचं, हे कळणं. टाळ्या आपल्यासाठी नाहीत हे माहीत असून प्रत्येक चेंडू टाळीच्याच मोलाचा समजून खेळणं. ३०९ मागे अशा २१ उभ्या असतात, हे विजय हजाऱ्यांनी त्या दिवशी समोरच्या टोकावरून पाहिलं. नऊ वर्षांनी, दुसऱ्या देशात, त्या २१ धावांची परतफेड त्यांनी केली. ती कशी, ते पुढे येईल.

(मार्च १९४७ मध्ये रणजीच्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध त्यांनी गुल महंमदबरोबर चौथ्या गड्यासाठी ५७७ धावा जोडल्या. गुल महंमद ३१९, हजारे २८८. कुठल्याही गड्यासाठीचा तो जागतिक विक्रम थेट २००६ मध्ये संगकारा आणि जयवर्धने यांनी मोडला. विक्रम म्हणून तो डाव अजोड, पण हजारे कळायला अडचणीतले डाव अधिक कामाचे.)

दुसरा डाव, खरं तर दोन डाव, अ‍ॅडलेडचे. जानेवारी १९४८. स्वतंत्र भारताचा पहिला परदेश दौरा, आणि समोर डॉन ब्रॅडमन यांचा ऑस्ट्रेलिया. मर्चंट दौऱ्यावर गेले नव्हते. चौथ्या कसोटीत ऑस्ट्रेलियाच्या ६७४ धावा झाल्या, त्यात ब्रॅडमन २०१. त्यांची यष्टी उडवली हजाऱ्यांनीच. सिडनीलाही त्यांनी ब्रॅडमनना १३ वर त्रिफळाचीत केलं होतं. मध्यमगती गोलंदाज म्हणून ते स्वतःबद्दल फार बोलत नसत, पण एवढे दोन चेंडू कुणाही गोलंदाजाच्या आयुष्याला पुरावेत.

भारत ५ बाद १३३. इथे हजाऱ्यांना साथ मिळाली ती कोल्हापूरच्या दत्तू फडकर यांची. सांगली आणि कोल्हापूर, मध्ये जेमतेम पन्नास किलोमीटर. त्या दोन गावांच्या या जोडीनं अ‍ॅडलेडमध्ये १८८ धावांची भागी केली. हजारे ११६, फडकर १२३, भारत ३८१. तरीही फॉलोऑन. दुसऱ्या डावात रे लिंडवॉल आग ओकत होता. विनू मांकड शून्य, कर्णधार लाला अमरनाथ शून्य, आणि फलकावरही शून्यच. हजारे पुन्हा खेळपट्टीवर आले. आदल्या डावातल्या शतकाचा थकवा अंगात असणारच.

हा फलक हातात घेऊन एकेका नावावरून बोट फिरवून पाहावं. मांकड ०. अमरनाथ ०. किशनचंद ०. रांगणेकर ०. सेन ०. रंगाचारी ०. अकरांपैकी सहा जणांपुढे शून्य. लिंडवॉलचे ३८ धावांत ७ बळी. आणि मधोमध एका नावापुढे १४५. एकूण धावा २७७, म्हणजे निम्म्याहून जास्त एकाच्या. हेमू अधिकारींचे ५१ सोडले तर अर्धशतकही कुणाचं नाही. भारत एक डाव आणि १६ धावांनी हरला. पण कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारा पहिला भारतीय फलंदाज त्या सामन्यानं दिला.

सामना २८ जानेवारीला संपला. दोनच दिवसांनी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. देशाला त्यानंतर कुठल्या शतकाची आठवण राहणार होती? अ‍ॅडलेडच्या त्या दोन शतकांचा गाजावाजा व्हायला हवा होता तेवढा झाला नाही, याचं एक कारण मला त्या तारखांमध्ये दिसतं. हजाऱ्यांच्या मोठ्या खेळ्यांच्या नशिबी हे अनेकदा आलं. त्यांतल्या कित्येक एकतर पराभवाच्या सावलीत झाल्या, नाहीतर दुःखाच्या.

पुढच्याच मोसमात, फेब्रुवारी १९४९ मध्ये, ब्रेबर्नवर वेस्ट इंडीजविरुद्ध ३६१ धावांचं लक्ष्य होतं. भारतानं तोवर एकही कसोटी जिंकलेली नव्हती. रूसी मोदी ८६ आणि हजारे १२२ यांनी विजय दृष्टीच्या टप्प्यात आणला. शेवटी फडकर एका टोकाला झुंजत नाबाद राहिले. खेळ थांबला तेव्हा भारत ८ बाद ३५५. सहा धावा कमी. पुन्हा तेच, शतक हजाऱ्यांचं आणि हाती आलेला घास तोंडाशी येऊन निसटलेला.

१९५१ मध्ये, छत्तिसाव्या वर्षी, त्यांच्याकडे कर्णधारपद आलं. इंग्लंडविरुद्ध दिल्लीत नाबाद १६४, मुंबईत १५५. वेस्ट इंडीजविरुद्धचं १२२ धरलं, तर सलग तीन कसोटींत तीन शतकं. हे कुणा भारतीयाला तोवर जमलं नव्हतं. तरीही कर्णधार म्हणून त्यांच्यावर एक शिक्का बसला, अतिसावध. १४ कसोटींत एक विजय, पाच पराभव, आठ अनिर्णित. मर्चंट यांचं मत असं होतं की, कर्णधारपदाच्या ओझ्यानं हजाऱ्यांमधला महान फलंदाज आखडला, ते पद त्यांना मिळायलाच नको होतं.

मर्चंट यांच्या अधिकाराबद्दल शंका घेण्याचं कारण नाही, आणि त्यांच्या बोलण्यात तथ्यही आहे. हजारे हुकूम सोडणारे नव्हते. डावपेचात धाडस दाखवून सामना उलटवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. स्वतःकडून ते जे बिनबोभाट वसूल करीत, ते दुसऱ्याकडून मागायला त्यांची जीभ रेटत नसावी. कर्णधाराच्या अंगी थोडा जुगार लागतो, आणि बॅट पॅडांत धरून चेंडूची वाट पाहणाऱ्या माणसाला जुगार कसा मानवणार? पण नेतृत्वाचा दुसराही एक प्रकार असतो. मोडत्या घरात जो शेवटपर्यंत खांबाला खांदा देऊन उभा राहतो, त्याचं नेतृत्व घोषणेतून कळत नाही, ते घर किती वेळ उभं राहिलं यावरून कळतं. १९५२ चा इंग्लंड दौरा मी या नजरेनं वाचतो.

आता पुन्हा लीड्स. पहिल्या डावातच भारत ३ बाद ४२ होता. हजाऱ्यांच्या जोडीला आला २० वर्षांचा विजय मांजरेकर. दोघांनी चौथ्या गड्यासाठी २२२ धावा केल्या. मांजरेकर १३३, त्याचं पहिलं कसोटी शतक. हजारे ८९. या दोन आकड्यांकडे नीट बघावं. संघातला सर्वांत अनुभवी फलंदाज मागे आहे आणि पोरसवदा साथीदार पुढे. ब्रेबर्नवर धाकट्या भावानं २१ धावा करून जे केलं, तेच आता थोरला नवख्या मांजरेकरसाठी करत होता. टोक सांभाळत होता, पोराला रचू देत होता. परतफेड म्हणालो ती ही. ती करायला ३०९ ची ताकद असलेल्या माणसानं ८९ वर समाधानी राहावं लागतं. २६४ या एकाच धावसंख्येवर तीन गडी गेले, डाव २९३ वर संपला, आणि इंग्लंडला ४१ धावांची आघाडी मिळाली.

मग ते १४ चेंडू. ४१ ची पिछाडी धरली तर भारत शून्याच्याही खाली होता. पहिल्या डावात चौथ्या क्रमांकावर आलेले हजारे या डावात सहावे आले. ते आधी आले असते तर काय झालं असतं, ही चर्चा होणारच, आणि ती रास्त आहे. पण आले तेव्हा समोर काय होतं? प्रेक्षकांचा गलका, नव्या चेंडूची चमक, धावत येणारा ट्रूमन आणि मागे तो फलक. हजाऱ्यांच्या बॅटीनं फलकाकडे पाहिलं नाही, चेंडूकडे पाहिलं. पॉली उम्रीगर गेले आणि ५ बाद २६ झाले. पुन्हा कोल्हापूरचे फडकर आले. पुन्हा सांगली-कोल्हापूर. १०५ धावांची भागी. हजारे ५६, फडकर ६४. भारत १६५, म्हणजे दोघांच्या मिळून १२०. इंग्लंडला १२५ धावा करायला लागल्या आणि ते सात गड्यांनी जिंकले.

या ५६ धावांचा रस कशात आहे? त्यांत प्रतिहल्ला नाही, चीड नाही, अपमानाचा वचपा काढण्याची भाषा नाही. शून्यावर चार गेल्यावर माणूस दोनपैकी एक गोष्ट करतो: गारठतो, नाहीतर पेटतो. हजाऱ्यांनी दोन्ही केलं नाही. त्यांनी ५ बाद ६० ला जो चेंडू जसा खेळला असता, तसाच तो शून्यावर चारला खेळला. संकट खेळपट्टीवर होतं, पण त्यांनी ते स्वतःच्या पवित्र्यात शिरू दिलं नाही. आपल्याकडे रसांची चर्चा करताना वीररसाच्या नायकाला धीराचं विशेषण आधी लावतात, धीरोदात्त. आधी धीर, मग उदात्तता. हजाऱ्यांच्या डावात हा क्रम मला जसा उमगला, तसा दुसरीकडे क्वचितच.

पुढच्या लॉर्ड्स कसोटीत मांकड यांनी ७२ आणि १८४ धावा करून इतिहास घडवला. त्या सामन्यात हजाऱ्यांचे आकडे नाबाद ६९ आणि ४९. १८४ च्या समोर २११ धावांच्या भागीत उभे होते तेच. तिथेही त्यांनी दुसरं टोक धरलं. मँचेस्टरला भारत एकाच दिवसात दोनदा बाद झाला, ५८ आणि ८२. ओव्हलला तर ५ बाद ६. त्या डावातल्या ९८ पैकी हजाऱ्यांच्या ३८, सर्वाधिक. चार कसोटींची बेरीज ३३३, सरासरी ५५.५०. मालिका भारतानं ३-० अशी गमावली. पण ज्या दौऱ्यात संघाची एवढी वाताहत झाली, त्यात कर्णधाराची सरासरी पंचावन्नची आहे, हे वाचल्यावर कर्णधारपदानं फलंदाज खाल्ला हे विधान मला जसंच्या तसं मान्य करवत नाही. ओझं होतं हे खरं. पण त्या ओझ्याखाली तो वाकला नाही, निदान त्या उन्हाळ्यात नाही.

१९५३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यानंतर कसोटी कारकीर्द संपली. ३० कसोटी, २१९२ धावा, सात शतकं, सरासरी ४७.६५. प्रथम श्रेणीत ६० शतकं आणि ५९५ बळी. १९६० मध्ये पद्मश्री. १८ डिसेंबर २००४ रोजी बडोद्यात त्यांचं निधन झालं. आज त्यांचं नाव दर मोसमात बातम्यांत येतं ते एकदिवसीय सामन्यांच्या विजय हजारे करंडकामुळे. त्यात खेळणाऱ्या प्रत्येक पोराला एकदा तरी अ‍ॅडलेडचा तो फलक दाखवावा, असं मला मनापासून वाटतं. सहा शून्यांच्या मधला तो १४५.

एक धावफलक मी मुद्दाम शेवटासाठी राखला आहे. फेब्रुवारी १९५२, मद्रास. कर्णधार हजारे. इंग्लंडविरुद्धच्या मालिकेतला शेवटचा सामना, भारताची पंचविसावी कसोटी. वीस वर्षांत एकही विजय नाही. विनू मांकडांनी दोन्ही डावांत मिळून १२ बळी घेतले. पंकज रॉय १११, पॉली उम्रीगर नाबाद १३०, फडकर ६१. भारत ९ बाद ४५७. एक डाव आणि आठ धावांनी भारत जिंकला, आपला पहिला कसोटी विजय.

या फलकात हजाऱ्यांचं नाव शोधावं लागतं. त्यांच्या नावापुढे आहेत २० धावा. पराभवांत ज्यानं शतकांवर शतकं रचली, कर्णधार म्हणून त्याच्या एकुलत्या विजयात त्याच्या वाट्याला वीसच. पूर्वी मला याची हळहळ वाटे. आता वाटत नाही. सहा शून्यांच्या शेजारी एकट्यानं उभं राहायची पाळी त्या दिवशी त्यांच्यावर आली नाही. रॉय होते, उम्रीगर होते, फडकर होते, मांकड तर होतेच. आयुष्यभर एकट्यानं खांदा दिलेल्या माणसाला त्या एका दिवशी खांद्यावरचं ओझं खाली ठेवून इतरांचा खेळ पाहता आला. विवेकच्या एकवीसपेक्षा एक कमी, वीस. सगळे उभे असले की एवढ्याच धावा पुरतात, आणि कर्णधाराला त्याहून जास्त काय हवं असतं?